दिव्याच्या दोन्ही बाजूंना

श्यामकांत मोघे पहाडगंजमधल्या एका मराठी शाळेत प्रयोगशाळेचे मदतनीस होते. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे लहानपणी दिल्लीत आले आणि इथेच राहिले. लग्नानंतर चौथ्याच वर्षी बायको सुमित्रा तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ भालचंद्र साताऱ्याला असे.

तासाआधी टेबलांवर सेल, दिवे आणि करंट मोजायचे अ‍ॅमीटर मांडायचे, तारांची टोकं घासून चकचकीत करायची, तास संपला की सगळं कपाटात ठेवायचं, हे त्यांचं काम. शिकवायचे देवसर. अशी अठरा वर्षं गेली.

१९६८च्या थंडीत देवसरांना कावीळ झाली आणि त्यांना हिंदूराव इस्पितळात ठेवलं. मुख्याध्यापिकांनी श्यामकांतना सांगितलं, "मुलांकडून प्रयोग तेवढे करून घ्या."

दहावीतल्या वीणाने सर्किट जोडलं आणि विचारलं, "काका, दिवा करंट खातो ना? मग दिव्याच्या पुढे करंट कमी असणार."

"असणारच की," श्यामकांत म्हणाले. त्यांना आजवर तसंच वाटत आलं होतं.

"चलो, बघू या मग!" वीणा म्हणाली.

श्यामकांतनी कपाटातून आणखी एक अ‍ॅमीटर आणला. एक दिव्याच्या अलीकडे, एक पलीकडे. कळ दाबली. दिवा लागला आणि दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबले.

मीटर बिघडला असेल म्हणून त्यांनी मीटरांची अदलाबदल केली. तेच. मग त्याच तारेत दुसरा दिवा घातला. दोन्ही दिवे मंद झाले, काटे खाली आले, पण अगदी सारखेच.

घंटा झाली, मुलं पळाली. श्यामकांत कळ दाबत आणि सोडत बसले.

घरी आल्यावर हे सांगायला कोणी नव्हतं. त्यांनी भालचंद्रला चार पानी पत्र लिहिलं, आकृती काढून. दहा दिवसांनी उत्तर आलं. शेवटी एक ओळ होती: 'त्या करंटबिरंटचं काही समजलं नाही, पण तुझी तब्येत बरी आहे ना?'

रविवारी ते देवसरांना भेटायला गेले. सगळं ऐकून सर म्हणाले, "अहो मोघे, हे पुस्तकातच आहे!"

श्यामकांतचा चेहरा उतरला. सरांनी तो पाहिला. उशीला टेकून बसत ते म्हणाले, "बरं, मला सांगा. करंट तेवढाच परत येतो, मग सेल संपतो कशाने?"

"नाही सांगता येत, सर."

"मग व्होल्टमीटर लावून बघा, ऊर्जा कुठे खर्च होते ते कळेल. आधी नुसत्या तारेच्या दोन टोकांना, मग दिव्याच्या."

सोमवारी शाळा भरण्याआधी त्यांनी लावून पाहिला. तारेवर काटा जवळजवळ हललाच नाही. दिव्यावर तो तीन व्होल्टपर्यंत गेला. प्रवाह तेवढाच पुढे जातो, पण सेलने दिलेली ऊर्जा दिव्यापाशी उजेड आणि उष्णता होऊन निघून जाते, हे त्यांच्या लक्षात आलं. रिकाम्या प्रयोगशाळेत ते मोठ्याने म्हणाले, "अच्छा, असं आहे होय!"

देवसर बरे होऊन परतले तेव्हा म्हणाले, "हा तास आता तुम्हीच घ्यायचा." त्यानंतर दर वर्षी तो एक तास श्यामकांतचा असे. ते आधी मुलांना हात वर करायला लावत: करंट कमी होईल की तेवढाच राहील? बहुतेक सगळे चुकत. मग ते कळ दाबत आणि काट्यांकडे न बघता मुलांचे चेहरे बघत.

उरलेले दिवस मांडामांडीत आणि आवराआवरीत जात. पुढे देवसर नागपूरला गेले, मग बोलायलाही कोणी उरलं नाही.

१९८५मध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या वक्तशीरपणाचं आणि स्वच्छ कपाटांचं कौतुक झालं. त्या तासाचं नाव कोणी काढलं नाही. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

भालचंद्रने साताऱ्याला बोलावलं होतं. ते गेले नाहीत. तिथे जाऊन दिवसभर काय बोलायचं, हे त्यांना सुचेना.