गिरणी चालू, गाव बंद

त्या वर्षीच्या थंडीत मी एक नवस बोलले होते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, जुना दमा. थंडी आली की त्यांच्या छातीत भाता चालू होतो. मी देवीपुढं पदर पसरला, "आई, एवढी थंडी निभावून ने. पाच मंगळवार परडी घेऊन पाच घरं जोगवा मागेन." थंडी निभावली. आत्याबाई अंगणात उन्हाला बसायला लागल्या. मी परडी झटकून तयार ठेवली, आणि देश बंद झाला.

तेव्हापासूनचे किस्से माझ्याजवळ साठत गेले ते पिठासारखे. जळकोटला बाजारगल्लीत आमची पिठाची गिरणी आहे. पुढं गिरणी, मागं घर. पीठ कितीही झाडा, दुपारपर्यंत फडताळावर, देवाच्या फोटोवर, आमच्या ह्यांच्या भुवयांवर ते पुन्हा बसलेलंच. किस्स्यांचंही तसंच. एक झटकावा तर त्याच्याखाली दुसरा असतोच. सगळे आमच्या गल्लीतलेच, आणि सगळे शटर खाली-वर होण्याचे.

*

पहिल्याच मंगळवारी मी परडी उचलली. आत्याबाईंनी मागच्या खोलीतून विचारलं, "कुठं निघालीस?"

"जोगव्याला. नवस फेडायचाय तुमचा."

"पाच घरं?"

"व्हय."

त्या जरा वेळ श्वास गोळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यो रोग बी घरंच मागत फिरतोय बघ. पर त्याला पाय न्हाईत. तू त्याची परडी हू नकं."

मी जागीच थांबले. रोगाविषयी टीव्हीवर इतकं ऐकलं होतं, पण त्याचं चालणं मला त्या दिवशी दिसलं. तरी नवस अर्धवट राहायची धास्ती होतीच. म्हटलं, "मग देवीला काय सांगू?"

"तिनं सोताचं दार लावून घेतलंय तुळजापुरात. तिला कळत न्हाय व्हय?"

मग मी परडी गिरणीच्या ओट्यावर ठेवली. दळायला येणाऱ्या बायका आपापल्या डब्यातलं मूठभर तिच्यात टाकत गेल्या. पाचही मंगळवार असंच केलं. परडी पाच घरांची कुठं, गावाची झाली. शेवटच्या मंगळवारी नवस फिटला म्हणून मी हात जोडले, आणि जोडल्या हातांवर काटा उभा राहिला. मी पाच घरी गेले नव्हते हे खरं. पण गावातली सगळी घरं माझ्या दारात येऊन गेली होती. आणि त्या दारामागं आत्याबाई होत्या.

*

सगळं बंद आणि गिरणी चालू, अशी ती गंमत होती. तीही फक्त सकाळची. एरवी दिवसभरात विखरून येणारं गाव आता एकदम यायचं. त्यातच पुरुषांना शोध लागला की हातात डबा असला तर चौकातला पोलीस अडवत नाही. ज्यांना घरात पिठाचा डबा कुठं असतो ते ठाऊक नव्हतं, ते बाप्ये डबे घेऊन ओट्यावर गप्पा मारत बसायला लागले.

समोर गुरुनाथअण्णांचं चहाचं हॉटेल. ते बंद, आणि अण्णांना घरात बसायची सवयच नाही. एक दिवस ह्यांनी त्यांच्या डब्याचं झाकण उघडलं नि म्हणाले, "अण्णा, ह्ये पीठच हाय की."

"व्हय."

"मग?"

"आणखी बारीक दळ. घाई न्हाय काय."

*

आमच्या शेजारी दत्ताचं सलून. दत्ताचं शटर रोज खाली, कुलूपही मोठं. पण त्याचं मागचं दार आमच्या बोळात उघडतं. बाहेर दिसू नये म्हणून खिडकीला पोतं, आवाज जाऊ नये म्हणून पंखा बंद. आत एकाची कटिंग चालू आणि बाकावर चार-पाचजण मांडीला मांडी लावून, कानाला तोंड लावून कुजबुजत बसलेले.

दत्ताला ताप आला. आरोग्य केंद्रातली सिस्टर विचारायला आली, "कोणाकोणाची कटिंग केलीस?"

दत्ता म्हणाला, "दुकान बंद हाय माझं. देवाशपथ."

सिस्टर शांत मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या गिरणीच्या रांगेशी येऊन उभी राहिली. त्या दिवसांत गावातल्या सगळ्या बाप्यांचे केस कानावर आले होते. पण रांगेत बरेचजण भर उन्हाळ्यात टोपी घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे होते. सिस्टरनं ताप मोजायचं यंत्र वर केलं आणि म्हणाली, "आधी टोप्या काढा."

टोप्या निघाल्या. खाली सगळ्यांची एकच कटिंग. आत उजेड नव्हता, म्हणून दत्तानं सगळ्यांवर एकच मशीन फिरवलं होतं. तपासणीत रोग लागलेले बहुतेक तेच निघाले. गुरुनाथअण्णा लांबून म्हणाले, "दत्ता, मानंवर शिक्का मारून धाडलास की रे सगळ्यास्नी."

देवाच्या दयेनं सगळे बरे झाले. दत्ता दवाखान्यातून घरी आला तेव्हा बराच वाळला होता. बोळाच्या त्या टोकाला उभा राहून मला म्हणाला, "वहिनी, शटर वर असतं तर एकटा आत, बाकीची रस्त्यावर बसली असती. म्या दुकान बंद केलं म्हणून तर समदी आत."

मी किती दिवस त्याच वाक्यात अडकून होते. दार लावलं की संकट बाहेर राहतं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. इथं दार लावून त्याला आत कोंडलं होतं.

*

सिस्टरनं मग आमच्या गिरणीकडं बघितलं. मला भीती वाटली की आता हीही बंद करायला सांगणार. ती म्हणाली, "काकू, हिचे तास कमी म्हणून गर्दी आहे. सरपंचांशी बोलते. दिवसभर चालू ठेवा, गल्लीवार या म्हणावं."

ग्रामपंचायतीनं परवानगी दिली. सकाळी खालची गल्ली, दुपारी मधली, दिवस कलता वरची. ओटा मोकळा दिसायला लागला. माणूस येई, डबा ठेवी, लांब लिंबाखाली उभा राही. दोन दिवसांनी ह्यांचा चेहरा उतरला. जेवताना म्हणाले, "धंदा बसला गं आपला. माणूसच दिसंना."

मी म्हटलं, "दळण कमी झालंय का?"

ते भुवयांवरचं पीठ पुसत विचार करत राहिले. "न्हाय. तेवढंच हाय."

"मग?"

"तेच तर म्हणतोय. तेवढंच हाय, अन् माणूस न्हाय."

मागच्या खोलीतून आत्याबाई हसल्या. हसू खोकल्यात गेलं नाही, तेवढ्यावर मी देवीपुढं साखर ठेवली.

*

बांगड्यांच्या दुकानाच्या शहेनाजभाभींचं मला अजून नवल वाटतं. त्यांचा धंदाच हात हातात घेण्याचा. गल्लीतल्या प्रत्येक बाईचा हात त्यांना पाठ. थोड्या माणसांत लग्नं लावायची सूट मिळाली तेव्हा एक आई लेकीला घेऊन त्यांच्या दारात आली. नवरीला हिरवा चुडा तर पाहिजेच.

भाभींनी बांगड्या ओट्यावर ठेवल्या आणि आपण उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. "मैं हात नै लगाती. दिवसभरात किती हात माझ्याकडं येतील, काय सांगू? तुम्ही भरा, मी सांगते."

आईनं कधी कुणाला चुडा भरला नव्हता. भाभी आतून सांगत होत्या, "अंगठा आत घ्या. आणखी. पोरी, हात सैल सोड, मुठ्ठी नक्को." सांगताना त्यांचे स्वतःचे हात हवेत दाबत होते, वळत होते. तिथं हातच नव्हता, आणि तरी तो मला दिसत होता. चुडा भरून झाला. रीतीप्रमाणं नवरी चुडा भरणारीला नमस्कार करायला वाकली, ती आईपुढं. आई गोंधळून म्हणाली, "मला न्हाय गं, भाभींना."

भाभी उंबऱ्याआडून म्हणाल्या, "नै नै, आईलाच कर. आज हात तिचा हाय."

*

मग एक दिवस सगळी दुकानं उघडायची परवानगी आली. आणि गल्लीत जत्रा भरली. कापडाचं दुकान, भांड्याचं, चपलांचं, कुणाला काही घ्यायचं होतं असं नाही. उघडलंय हेच बघायला गाव आलं. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण ओट्यावरून ती डोकी बघताना मला परडीचा मंगळवार आठवत होता.

अण्णांनी चूल पेटवली. आमच्याकडं चहा 'एकात दोन' पितात. एक चहा सांगायचा, एकानं कपातून प्यायचा, दुसऱ्यानं बशीतून. अण्णांनी बशा पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. "बशी मिळणार न्हाय. ज्याचा त्याचा कप."

त्यांच्या हॉटेलात रोज येणारे दोन म्हातारे होते, लहानपणापासूनचे दोस्त. दोघंही एकात दोनवाले. दोघं कुरकुरले, मग रस्त्याच्या दोन बाजूंना दगडावर बसले, दोन कप घेतले, फुंकून फुंकून प्याले, आणि राम राम करून गेले.

अण्णा कप उचलायला गेले. दोन्ही कपांत अर्धा अर्धा चहा उरला होता.

*

आता शेवटचं सांगते. आत्याबाईंना देवीनं राखलं, त्या आजही उन्हाला बसतात, हे आधीच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको.

लग्नसराई आली, दुकानांत कोपराला कोपर लागायला लागलं, तोंडावरचे रुमाल हनुवटीवर आले. रोग गेला असं सगळ्यांना वाटलं. तो नुसता दम खात होता. पुन्हा सगळी शटरं खाली आली, आणि ह्या खेपेला ताप आमच्या घरात आला. ह्यांना आला.

सिस्टरनं ह्यांची खाट गिरणीतच टाकायला सांगितली. मधलं दार बंद, आणि गिरणीही बंद. ती रोज यायची, आत्याबाईंच्या बोटाला तो प्राणवायू मोजायचा चिमटा लावायची. आकडा दिसेपर्यंत मी श्वास धरून उभी. आकडा बघून ती मान हलवायची आणि मग मी श्वास सोडायची. असं चाललं होतं.

ह्यांना स्वतःपेक्षा दुसरीच काळजी होती. भिंतीपलीकडून म्हणायचे, "आपली बंद म्हणल्यावर सगळी वरच्या अंगाच्या दुसऱ्या गिरणीवर जातील. दोन गिरण्यांचं गाव एका दारात. आपण एवढं पांगवलं, ते एका दिवसात गोळा हुईल." आणि खोकायचे. तो खोकला ऐकला की इकडं आत्याबाईंचा श्वास चढायचा. त्यांना औषधापेक्षा लेकाचा आवाज हवा होता, आणि आवाज आला की तो असा.

एका संध्याकाळी सिस्टर चिमटा पुसता पुसता म्हणाली, "काकू, मी वरच्या गिरणीवर जाऊन आले. तिथं तिथलीच माणसं आहेत. तुमच्या बाजारगल्लीचं एकही माणूस दिसलं नाही. खातात काय तुमच्या गल्लीतले?"

मला काय ठाऊक? आम्ही तर दार लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाईंनी मला हलवलं. "गिरणी कुणी चालू केली?"

म्हटलं, "कुणी न्हाय. झोपा तुम्ही."

"मग ह्यो आवाज कसला?"

मी कान दिला. खरंच घरघर येत होती. पण ती गिरणीची नव्हती, हलकी होती, आणि एका जागची नव्हती. मी खिडकी उघडली. आमच्याकडं लग्नात हळद दळायला म्हणून घरोघरी जातं जपून ठेवलेलं असतं. एरवी ते कोपऱ्यात उपडं पडलेलं असतं. आत्याबाई उशीला टेकून बसल्या आणि डोळे मिटून सांगायला लागल्या.

"ह्ये जड हाय, ह्ये अण्णाच्या घरचं... ह्ये अडखळतंय, दत्ताची बायको असंल, तिला सवय न्हाय... अन् ह्ये..." त्या थांबल्या. "ह्ये भाभीचं. बांगड्या वाजतात बघ."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद. आणि त्या बंद दारांआडून गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत घरघर चालली होती. मी हात जोडले. कुणाला जोडले, ते त्या वेळी कळलं नाही.

भिंतीपलीकडं ह्यांना जाग आली. खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "आई, कोण दळतंय गं?"

किती दिवस आत्याबाईंना दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. त्या एका दमात म्हणाल्या, "गाव दळतंय. तू नीज."

तुमच्याही घरात कुठं माळ्यावर, कणगीमागं जातं पडलं असेल. ते खाली काढा, पाथरवटाकडून टाकी लावून घ्या आणि नवा खुंटा ठोकून ठेवा. एवढं माझं ऐकाच.