डावा कौल आणि एक सही

“देवाने डावा कौल दिला, तरी थोरल्याने धाकट्याला गाडीत घातले आणि रत्नागिरीला नेऊन वेड्यांच्या इस्पितळात डांबले.” आमची भावकी हे आजही सांगते. डावा कौल खरा, ‘गाडीत घातले’ हेही खरे. गाडी मीच ठरवली होती. ‘डांबले’ हे मात्र खोटे.

बायको वारल्यापासून धाकटा भाऊ जेवत नव्हता. एके सकाळी तो आपणहून म्हणाला, “दादा, विहिरीवर मला एकट्याला पाठवू नकोस. पाणी बोलावतं.” त्यावर भावकीने देवळात गुरवाकरवी कौल लावला. प्रश्न होता, थोरल्याने धाकट्याला पाठवावे का? देवाच्या डाव्या अंगाचे फूल पडले. म्हणजे नाही.

तरी आम्ही रत्नागिरीला गेलो. इस्पितळात दाखल होण्याचा अर्ज टेबलावर आला तसे मी खिशातून पेन काढले. घरातल्या प्रत्येक कागदावर माझीच सही असते. ते मी लपवत नाही.

तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढून ओढून घेतला. “आजोबा, सही तुमची नको, यांची हवी.”

“अहो, तो आजारी आहे!”

“आजारी आहेत, पण त्यांना सगळं कळतंय. कळत नसतं तर त्यांच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, मुदत घालून दाखल करून घेतलं असतं. कायदा तसा आहे.”

मी वाद घातला. बाई माझ्याकडे न पाहता त्याच्याशी बोलत राहिल्या. त्याने एकच विचारले, “मला घरी जावंसं वाटलं तर?”

“सांगायचं आणि जायचं. जिवाला धोका वाटला, तर तपासायला फार तर एक दिवस थांबवू.”

मग त्याने माझ्यापुढे हात केला. “दादा, जन्मभर माझ्या वाटच्या सह्या तूच केल्यास. पेन दे इकडे.”

मी पेन दिले आणि सही त्याने केली.

भावकीने देवाला विचारले ते माझ्याविषयी. धाकट्याला काय हवे, हे कुणीच विचारले नव्हते. मी पाठवू नये, असे देव म्हणाला, आणि मी पाठवले नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी धाकट्याला विचारावे. तो घरी आहे, अर्जाची प्रत त्याच्याच ट्रंकेत आहे. त्या अर्जावर माझी सही कुठेही नाही.