शेवग्याची फांदी मिळणार नाही

दादा, मी गाव सोडलं त्या सकाळी तू दारात आला नाहीस. एक्याण्णवचा उन्हाळा होता. बाबांनी अंगणातल्या शेवग्याची हातभर फांदी कोयत्याने तोडली, वरच्या तोंडाला शेण थापलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या काखेत दिली. "शेंडा वर ठेवजो," एवढंच बोलले. तू आतून ओरडलास, "सुरतले काय लाकडे भेटतस नही का?"

सुरतेत बमरोलीला लूमच्या कारखान्यामागे खोली मिळाली. फांदी मोरीजवळ खोचली. चौथ्या दिवशी शेठने "काढी नाख" म्हणत उपटली आणि राखेच्या ढिगावर फेकली. मी शोधून आणली तोवर शेण झडून गेलेलं. शेंडा कुठला, बूड कुठलं, कळेना. शेतकऱ्याच्या पोराला एवढं कळू नये, याची फार लाज वाटली. शेवटी मधोमध कापून दोन तुकडे केले. एक या तोंडाने पुरला, दुसरा उलट्या. एक वाळला, दुसरा फुटला.

आज त्याच शेठच्या घरून शेंगांसाठी निरोप येतो. माझी मुलगी झाडाला गुजरातीत सरगवो म्हणते. आधी राग यायचा, आता येत नाही.

बाबा गेले आणि तू शेवगा तोडलास. अंगणाची वाटणी करताना आड येत होता म्हणे. आखाजीच्या सणाला गावी आलो तर बुंध्याला बोटबोटभर धुमारे फुटलेले. मी भोवती माती ओढत होतो. तू रॉकेलचा डबा आणलास आणि माझ्यासमोर बुंध्यावर ओतलास. "तुनं आठे काय शे आते?" माझं इथे आता काय उरलंय, हे मलाच विचारलंस. माय चुलीपाशी बसून बघत होती. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

आणि आता तुझं पत्र. माय जेवत नाही, घरच्या शेवग्याच्या शेंगा मागते, बाजारच्या थुंकून टाकते, तर एक फांदी पाठव. कोणत्या तोंडाने लिहिलंस रे? आज लावलेल्या फांदीला शेंग धरायला वर्ष तरी जाईल. मायकडे वर्ष आहे का, हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही.

फांदी मिळणार नाही. मायला सकाळच्या गाडीत बसवून दे, इकडे उधना स्टेशनवर मी उतरवून घेईन. झाड यंदा शेंगांनी वाकलंय. तिने घरच्या शेंगा मागितल्यात ना, मग तिला घरी पाठव.