नामदेवाने तेल सोडलं तेव्हा

रोज सकाळी भाजी विकून चार म्हातारे चहाला टेकले की किस्से तणासारखे माजतात. मी चौथी शिकलेला, लिहायला हात जड. तरी मखमलाबादच्या आमच्या नामदेवाचे लिहिलेच पाहिजेत.

*

नामदेवाच्या साडूला हार्टचा झटका आला आणि इकडे नामदेवाने तेल बंद केलं! तूप, दूध, शेंगदाणा, सगळंच. दोन वर्षं नुसतं उकडलेलं.

मी म्हणालो, "झटका साडूला, पथ्य तुला?"

"तू लय तेलकट माणूस हाय. तुला नाय कळायचं!"

*

सकाळच्या बाजाराची कोथिंबीर आम्ही आदल्या संध्याकाळी कापतो. एकदा गिऱ्हाईक बाई जुडी घेऊन परत आली. "बाबा, यात अर्धं गाजरगवत आहे!"

नामदेव खेकसला, "ताजं हाय ना?"

पण तोंड पडलं. दिवस मावळला की त्याला दिसत नव्हतं, आणि घरात पत्ता लागू दिला नव्हता. सून सुनीताने त्याच दिवशी विळा लपवला. "मामा, नीट दिसेपर्यंत मळा बंद."

जन्मभर कापणी केलेला गडी ओट्यावर लसूण सोलत बसला. माझ्याशीसुद्धा भांडेना!

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रातांधळेपणा. व्हिटॅमिन ए कमी आहे."

"रोज दोन गाजरं खातो मी! उकडून!"

"तेलाशिवाय ना? हे व्हिटॅमिन तेलातुपाबरोबरच अंगी लागतं."

"म्हंजे माझी गाजरं पोटात यायची अन् राम राम करून निघून जायची?"

"अगदी तसंच."

*

लवकर दिसावं म्हणून पठ्ठ्याने एका दिवसात तीन दिवसांच्या गोळ्या खाल्ल्या. बाई कडाडल्या, "हे जास्तीचं लघवीवाटे जात नाही! लिव्हरमध्ये साठतं, अपाय करतं!"

"मग आधी का नाय साठलं?"

"साठलेलं होतं. दोन वर्षं तेच खाऊन संपवलंत!"

*

मी फिदीफिदी हसलो, तर बाईंनी माझ्याच दुखऱ्या हाडांची टेस्ट करायला लावली. व्हिटॅमिन डी कमी!

"जन्म उन्हात गेला माझा!"

गेला खरा. पण पोराने मळा हाती घेतल्यापासून सकाळचा बाजार उरकला की मी टीव्हीपुढेच. बाई म्हणाल्या, रोज उन्हात बसा. बसलो. स्वेटर, मफलर, टोपी घालून.

सुनीता म्हणाली, "तात्या, व्हिटॅमिन स्वेटरला देताय का?"

*

नामदेवाच्या घरात पुन्हा फोडणी तडतडू लागली. गोळ्याही सांगितल्या तशाच चालू होत्या. असे काही आठवडे गेले.

एके दिवशी मावळतीला मी त्याच्या वांग्यांच्या वाफ्यातून घरी निघालो. त्याला अंधारात दिसेनासं झाल्यापासून ही वाट मला फार सोयीची पडत होती. चांगलं अंधारून आलं होतं. नामदेव लांब ओट्यावर, शेजारी सुनीता.

ओट्यावरून आवाज आला, "तात्या, ती दोन वांगी ठेव खाली!"

मी ठेवली.

"अन् बंडीच्या खिशातलं तिसरंबी!"

सुनीता उठली आणि विळा आणायला आत गेली.