नसलेल्या खेळाचं कव्हर: सौंसर ते पांढुर्णा

भाचीच्या कॉलेजात माझा मजकूर नापास झाला, म्हणून मी सौंसरला गेलो. प्रवासाला निघण्याची याहून भव्य कारणं असतात, पण ती सांगणारे लोक खोटं बोलतात असा माझा अनुभव आहे.

गौरी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. दोन वर्षांपासून नागपूरला डिझाइन शिकते, आमच्याकडे राहते. प्रोजेक्ट असं होतं की एका काल्पनिक व्हिडिओ गेमची डिस्क आणि तिचा डबा सजवायचा. खेळ बनवायचा नाही, तो खरंच आहे असं पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, बस. तिच्या खेळाचं नाव ‘माकड आलं!’ संत्र्याची बाग राखायची, माकडं हाकलायची. डब्याच्या पाठीवर थोडा मजकूर लागतो हे कळताच मी कुणी न विचारता तीनशे शब्द लिहून दिले. त्यात माती होती, संस्कृती होती, व्यवस्थेवर दोन फटके होते. माकड शेवटून दुसऱ्या ओळीत यायचं.

शिक्षिकेनं प्रोजेक्ट परत केलं. पुढचं माकड बालभारतीतलं वाटतं, आणि मागचा मजकूर वाचायला भिंग लागेल, असा शेरा. सोमवारी शेवटची संधी. तिकडे सौंसरकडच्या रामाकोन्याजवळ संत्र्याची बाग असलेले तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, फोनवर म्हणाले, “या डावाले नापास झाली तं वापस ये. सौंसरच्या कॉलेजात नाव टाकून देऊ.”

खरी माकडं भाऊजींच्या बागेतच बघायला मिळतील म्हणून मी गाडीची किल्ली घेतली. अपराधी माणूस पेट्रोलला मागेपुढे पाहत नाही.

गौरीला घेऊन शनिवारी सकाळी निघालो. नागपूरहून सावनेरमार्गे सौंसर आरामात दोन तास. रस्ता चांगला आहे, संत्र्यांचे ट्रक तो चांगला राहू देत नाहीत. राज्याची सीमा ओलांडली की पाट्या हिंदी होतात, माणसं मराठीच राहतात. सौंसरला पोहे खाल्ले. पोह्यांवरची तिखट तर्री ‘थोडीशी’ मागू नका. त्यांची थोडीशी म्हणजे आपल्याला डोळे पुसायला लावणारी.

दुपारी बागेत पोचलो. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालली होती. जेवताना गौरीनं भाऊजींना जुनं चित्र दाखवलं. झाडावर बसून माकड दोन्ही हातांनी शिस्तीत संत्रं खातंय.

भाऊजींनी चष्मा लावला, काढला. “हे माकड आहे का शाळा मास्तर?”

“काहून जी?” ताई म्हणाली.

“असं खाते का माकड? एक घास घेते, फेकते. दुसरं तोडते, एक घास घेते, फेकते. पुरं खाल्लं असतं ना, तं मले रागच नसता आला.” मग डबा उघडून आत पाहिलं. “अन् खेळ कुठी आहे?”

“खेळ नाही आहे बाबा. फक्त डबा.”

“खाली डबा कराले दोन वर्षं?”

मी आधुनिक कलेतल्या रिकामेपणावर बोलायला सुरुवात केली. ताईनं माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकून मला थांबवलं.

रविवारी पांढुर्ण्याकडे निघालो. नवं कव्हर सोमवारपर्यंत छापून हवं होतं, आणि नागपुरातले छापखाने रविवारी बंद. पांढुर्ण्यात भाऊजींच्या ओळखीचा लग्नपत्रिकांचा प्रेस हंगामामुळे चालू होता. वाटेत जामसांवलीला थांबलो. इथले हनुमानजी निजलेले आहेत. मी गाडी राखतो म्हणालो, कारण वर्तमानपत्रातल्या सदरामुळे माझी प्रतिमा नास्तिकाची आहे. मग गौरीच्या सोमवारची आठवण झाली आणि प्रतिमेसकट आत गेलो. बाहेर येताना हातात प्रसादाची केळी होती. एक माकड आलं, डझनच्या डझन घेऊन शेडवर चढलं. एक केळं सोललं, एक घास घेतला, फेकलं. दुसरं सोललं.

“अरे, पुरं खा ना!” मी ओरडलो. पन्नाशीचा, शुगर असलेला, तोंड वासलेला माणूस. प्रसादवाल्या बाई म्हणाल्या, “भाऊ, तो तुमचं ऐकून नाही राहिला.”

गौरीनं तेवढ्यात फोटो काढला होता. पांढुर्ण्यापर्यंत ती मागच्या सीटवर लॅपटॉपवर नवं चित्र काढत हसत होती आणि मला कारण सांगत नव्हती.

प्रेसवाल्या काकांनी फाइल उघडून पहिला प्रश्न विचारला, “लग्न कोणाचं आहे?” सगळं समजावून सांगितलं, तरी नमुना निघाला तेव्हा माकडाच्या डोक्यावर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ होतं. सवय. ते काढलं. मग डब्याची पाठ आली. मी रात्री कापून दोनशे दहावर आणलेले माझे शब्द.

काकांनी मान हलवली. “पत्रिकेतही असंच करतात लोक. हा काका टाका, तो मामा टाका. काका-मामा जास्त झाले का नवरदेव दिसत नाही.”

गौरी माझ्याकडे पाहत नव्हती. तिला खरं तर कालच हे म्हणायचं होतं, परवाही. मामाला कसं सांगायचं म्हणून ती नापास व्हायला तयार होती. हे मला एका अनोळखी दुकानात, शाईच्या वासात कळलं.

“काढ,” मी म्हणालो.

“सगळं?”

“सगळं.”

रिकाम्या जागेत तिनं एकच ओळ टाइप केली: ‘पुरं खाल्लं असतं, तर रागच आला नसता.’ मी सुधारणा सुचवली नाही. कृपया याची नोंद घ्यावी.

शेवटी डिस्कचं स्टिकर. त्यावर माकडामागे धावणारा शेतकरी, आ वासलेला. चेहरा ओळखीचा होता. काका म्हणाले, “बेटा, मधातलं भोक याच्या तोंडावर येऊन राहिलं.”

“तिथंच येऊ द्या काका,” गौरी म्हणाली. “ते मामाचं तोंड आहे.”

पांढुर्ण्याहून नागपूर हायवेनं दोन तास. संत्रा बर्फी तिथेच घ्या, पुढे महाग पडते. गाडीत मी मुद्दाम गप्प होतो. सवय नसल्यानं जबडा दुखला.

सोमवारी प्रोजेक्ट पास झालं. भोकाची जागा शिक्षिकेला फार आवडली म्हणे. एक डबा रामाकोन्याला गेला. भाऊजींनी पाठ वाचली आणि ताईला म्हणाले, “हे तं मी म्हटलं होतं.” कॉलेजचा विषय पुन्हा निघाला नाही. संत्र्याचा व्यापारी आला की ते डबा पुढे ठेवतात, खेळ कुठे म्हणून त्यानं विचारलं की सांगतात, “येऊन राहिला. बहाराले टाइम लागते ना बाप्पा.”

दुसरी डिस्क माझ्या टेबलावर आहे. हे लिहिताना ती समोरच आहे, आणि माझ्या तोंडातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसते.