काळ्या बुटावरची फुली

आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत शेजारचे नाना रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे त्यांचा डावा पाय नीट उचलत नाही. पडू नये म्हणून डॉक्टरांनी चालण्याचा व्यायाम दिलाय. सोबतीला मी असते.

हातात काठी आणि खिशात खडू. आजारापूर्वी नाना मैलोन्‌मैल पायी रूळ तपासायचे, दोष दिसेल तिथे खूण करायचे. ती सवय गेली नाही. अडखळले की थांबतात, जमीन न्याहाळतात आणि सापडेल त्या दगडावर फुली मारतात. मी हात पुढे केला तर धुळ्याकडच्या ठसक्यात म्हणतात, “रस्ता खराब शे, पाय नही.” मला ते पटत नसे, पण तसं तोंडावर बोलवत नसे.

परवा ते टाकीजवळच्या गुळगुळीत सिमेंटवर पडले. तिथे दगड नव्हता, खड्डाही नव्हता. बसल्या जागी त्यांनी तळहाताने जमीन दोनदा चाचपली. मग खडू काढला आणि आपल्याच डाव्या बुटावर फुली मारली.

“फेरी बाकी शे,” असं म्हणत त्यांनी पहिल्यांदाच आधारासाठी माझ्याकडे हात पुढे केला.