शिंग मोडणारा शब्द

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. चाकूरहून पुतण्या बोलत होता. "काकू, आत्या गेली... निवांत गेली." ते 'निवांत' मला काही पटलं नाही. दुपारपर्यंत आम्ही चाकूरला पोचलो, तर ओसरीवर बसून चार मंडळी पेपरात द्यायचा मजकूर ठरवत होती. 'प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या महानंदाताई लिंगैक्य झाल्या,' असं कुणीतरी लिहून ठेवलेलं. मी म्हटलं, "मनमिळाऊ खोडा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे पती बसवराज, म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ, हळूच म्हणाले, "खोडा. ती बरोबर बोलून राहिली." शब्द खोडला, पण त्या जागी काय लिहावं ते त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. महिना होऊन गेला. आता सुचतंय तसं लिहिते आहे.

अक्का माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे कुणाला सांगत बसल्या नाहीत. आयुष्यभर लातूरला इंग्रजी शिकवलं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, चुलीपुढं भाकरी थापता थापता त्यांनी मला त्यांच्या एका मुलाखतीची गोष्ट सांगितली. एम.ए. झाल्या झाल्या त्या एका मोठ्या शहरातल्या कॉलेजात नोकरीसाठी गेल्या होत्या. तिथं त्यांना एक उतारा वाचायला दिला. आमच्याकडं स्कूलला इस्कूल म्हणतात, स्टेशनला इस्टेशन. त्यांनीही तसंच वाचलं. समोरचे हसले. एकानं चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, "पुन्हा म्हणा बघू." अक्का पुन्हा म्हणाल्या. पुन्हा हशा. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं. "उच्चार ऐकला की. आता अर्थ विचारा." अर्थ कुणी विचारला नाही, नोकरीही मिळाली नाही.

"रडलात का हो अक्का?" मी विचारलं. तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "रडायला काय झालं? येष्टीत बसून एकच इचार करत होते. हे जे हसले, ह्या हसण्याला त्यांच्याच भाषेत काहीतरी नाव असंल. ते मला हुडकायचं होतं." आणि त्यांनी हुडकलं. शब्द होता स्कॉर्न. अक्का अर्थातच त्याला 'इस्कॉर्न' म्हणत, मुद्दाम, जरा जोर देऊन.

तो शब्द त्यांनी वर्गात कसा शिकवला, ते मी स्वतः पाहिलं आहे. एकदा लातूरला त्यांच्याकडं गेले असताना किल्ली घ्यायला म्हणून कॉलेजात गेले आणि वर्गाच्या दाराशी थांबले. किल्लारीकडची एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती आणि मागचे बाक तिची नक्कल करत खिदळत होते. मुलीचा आवाज बारीक होत होत बंदच झाला. अक्का कुणावर ओरडल्या नाहीत. फळ्यावर तो शब्द लिहिला आणि सांगायला लागल्या. मूळ शब्द जर्मन वळणाचा, अर्थ नुसती थट्टा, मस्करी. तो फ्रेंचांकडं गेला. तिथं त्याच्यासारखाच ऐकू येणारा दुसरा एक शब्द होता, त्याचा अर्थ शिंगं मोडणं. जाणकार म्हणतात, लोकांनी दोन्हींची सरमिसळ केली असावी. असं होत होत इंग्रजीत येईस्तोवर थट्टेला धार चढली. मग ती थट्टा राहिली नाही, समोरच्याला तुच्छ लेखणं झालं. "म्हंजे कुणावर असं हसायचं, तर त्याचं शिंगच मोडायचं," अक्का म्हणाल्या आणि मागच्या बाकांकडं पाहिलं. "काय रे, थट्टाच करून राहिलात न्हवं?" ती मुलगी अजून उभीच होती. ती म्हणाली, "मॅडम, शिंग मोडल्या बैलाचा बाजारात भाव पडतो. पण औत वढतोच की त्यो." अक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. "हाव! वाच मग पुढं." तिनं वाचलं. कुणी खिदळलं नाही.

निवृत्तीनंतर अक्कांना घर खायला उठलं. शिकवल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. तेवढ्यात लातूरच्या एका क्लासवाल्यानं बोलावलं, पण अट घातली: आधी महिनाभर उच्चार सुधारण्याचं शिक्षण घ्यायचं, पालकांच्या तक्रारी नकोत. अक्कांनी जागच्या जागी नकार दिला. त्यावरून भाऊबहिणीत जुंपली ती आमच्या नांदेडच्या घरात. बसवराज अर्धापूरहून केळीचा घड घेऊन नुकतेच आले होते. ते म्हणाले, "अक्का, जराशी जीभ वळवली तर काय बिघडंल? एवढा ताठा बरा न्हाई."

"ताठा न्हाई बसू. ह्या शब्दाचा तिसरा बी अर्थ हाय. एखादी गोष्ट आपल्याला शोभत न्हाई म्हणून करायची न्हाई, त्यालाबी इंग्रजीत इस्कॉर्नच म्हणतात. पहिल्या दोन्हीत लोक आपल्याला हसतात. तिसरा अर्थ आपल्या हातात असतो."

"तुझे अर्थ तुझ्यापाशी ठेव," बसवराज म्हणाले. अक्का चपला घालून निघाल्या. वर्षभर आमच्याकडं आल्या नाहीत, फोनही उचलला नाही. ह्यांचं जेवणात लक्ष नसे... पण आधी बोलायचं कुणी?

त्या वर्षात अक्कांनी लातूरचं घर सोडलं आणि चाकूरच्या घरात पुढच्या खोलीत मुलींना शिकवायला सुरुवात केली. आम्हाला कळलं ते पुतण्याकडून. एका रविवारी बसवराज मला काही न सांगता चाकूरला गेले. अक्का शिकवत होत्या. हे दारात उभे. अक्कांनी शिकवणं थांबवलं नाही, फक्त हातानं सतरंजीची रिकामी जागा दाखवली. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस मुलींच्या ओळीत मांडी घालून तासभर बसला. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला, "झालं नीट." काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दोन वर्षांत अर्धांगवायूनं अक्कांची अर्धी जीभ नेली. पाहुण्यांमधल्या एका बाईनं तोंडाला पदर लावून म्हटलं, "आता कशाला ओ शिकवणं? पोरी हसतील." अक्का अडखळत, एकेक शब्द ओढून म्हणाल्या, "हसू... द्या. मी... तरी... शिकवणार." आणि शिकवलं. ज्या ओळी त्यांना बोलता येत नसत त्या मुली बोलत, अक्का बोटानं मेजावर ताल धरत.

रस्त्याकडच्या खिडक्या मात्र कधीच लावू देत नसत. बाहेर ट्रॅक्टर जावो की टमटम, मुलींनी त्याच्यावर आवाज काढून वाचायचं. त्या गेल्यावर आठवड्याभरानं मुली आपापल्या आल्या आणि मोठी मुलगी वाचायला लागली. घरात दुखवटा, लोक काय म्हणतील, म्हणून कुणीतरी एक खिडकी ओढून घेतली. समोरच्या चहाच्या टपरीवरून एकानं त्या मुलीची नक्कल केली, दोघं-तिघं हसले. मुलगी थांबली. तिनं बाहेर पाहिलं आणि तीच ओळ पहिल्यापेक्षा मोठ्यानं वाचली.

बसवराज कोपऱ्यात बसले होते. ते उठले आणि त्यांनी ती ओढून घेतलेली खिडकीही उघडली.